टायरच्या खाचेतली पांढरी माती

आरंभीच वाचकांची क्षमा मागणे मला आवश्यक वाटते. इतरांनी लिहिलेले नीट वाचावे आणि मुलांकडून वाचून घ्यावे, एवढेच काम मी पोटापाण्यासाठी केले. स्वतः काही लिहावे, हे धाडस साठी उलटेपर्यंत झाले नाही. आता ते होत आहे, त्याला निवृत्तीनंतरची रिकामी दुपार कारणीभूत आहे. त्याहून मोठे कारण माझ्याजवळ नाही. त्यातही विषय मोटारींचा आणि टायरांचा. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार केवढा, तर मला मोटार चालवता येत नाही. तेव्हाही येत नव्हती. जे प्रकरण मी सांगू पाहतो आहे त्यात नेमकी हीच गोष्ट मला लोकांना पटवून द्यायची होती, आणि माझ्या नावाचा बरावाईटपणा तिच्यावर अवलंबून होता.

नव्वदीच्या दशकातली ही हकीकत. मी दिंद्रुडच्या एका शाळेत इंग्रजी आणि मराठी शिकवीत असे. स्वभाव भिडस्त. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसे आणि कुणी विचारल्याशिवाय बोलत नसे. गावात मला मोकळेपणाने बसता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे मुख्य रस्त्यावरचे टायरचे दुकान. दुकानदारांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर टायरचे काळे ठसे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या किराणा आणि पेंडीचा व्यापार चालत आलेला. आप्पांनी मात्र वडिलांचा राग पत्करून रबराचा धंदा धरला. दुसरे सोबती बापू. कालव्याखालची बागायत, दारात जीप आणि ट्रॅक्टर, ग्रामपंचायतीच्या राजकारणात एक पाय. आप्पा आणि बापू एका वर्गात शिकलेले असल्यामुळे एकमेकांना ‘बे’ म्हणत. मला मात्र दोघेही ‘सर’ म्हणत आणि ‘तुमी’ म्हणत.

आमचा छंद बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो हसेल. रविवारी संध्याकाळी आम्ही दुकानासमोर बाकड्यावर बसत असू. तिघांपैकी एकाने रस्त्याकडे पाठ करायची. एखादी गाडी डांबरावरून उतरून कडेच्या फुफाट्यातून गेली की त्याने वळायचे आणि मातीत उमटलेली नक्षी पाहून सांगायचे: गाडी कोणती, टायर जुन्या नायलॉनचे की नव्याने निघालेले रेडियल, जुन्यावर नवे रबर चढवून रिमोल्ड केलेले की झिजून गोटा झालेले, गाडीत माणसे आहेत की पोती. आप्पा यात वाकबगार. टायरची एक कड जास्त झिजलेली असली तर त्या गाडीवाल्याने कुठल्या खड्ड्यात चाक आपटून घेतले असेल, इथपर्यंत ते सांगत. दसऱ्याला तिघे मिळून दुकानातला प्रत्येक टायर काळ्या पॉलिशने चकचकीत करीत असू, आणि त्या दिवशी बापूंची जीप लिंबे चिरडून निघाली की तिच्या मागे राहिलेली ओली नक्षीसुद्धा आम्ही वाचून पाहत असू.

हा खेळ निरागस होता असे म्हणायला मी धजत नाही. त्याच्या मुळाशी शंकाच होती. त्या वर्षांत नवनव्या मोटारी बाजारात येऊ लागल्या होत्या आणि त्यांतली एखादी आमच्या रस्त्यावरही दिसे. ती दिसली की आधी तिचे कौतुक होई आणि लगेच तिची चौकशी सुरू होई.

“कोनाची बे ही?” बापू विचारीत.

“टायरवरची केसं बी झडली न्हाईत आजून,” आप्पा म्हणत. नव्या टायरवर रबराचे बारीक तंतू असतात, त्यांना ते केस म्हणत.

“मालक पुढं बसलाय का मागं?”

“मागं.”

“मग कामाला आलाय. कुनाकडं वळली ती बघ.”

गाडी कुणाच्या दाराशी वळली हे आम्ही बघत असू, आणि त्या दाराविषयी आमचे मत त्या संध्याकाळपुरते तरी बदलत असे.

या मंडळीत मला जागा मिळाली ती इंग्रजीमुळे. बीडला गेलो की बसस्थानकावरच्या स्टॉलवरून मी मोटारींविषयीचे एक इंग्रजी मासिक आणीत असे आणि बाकड्यावर बसून त्याचा मराठी अर्थ सांगत असे. क्लच कसा काम करतो, वळणावर बाहेरचे चाक जास्त का फिरते, टायरमध्ये हवा कमी असली तर झीज कुठे होते, हे मी फार आनंदाने समजावून देई. “सर, ते क्लचचं पुन्यांदा वाचा,” असे आप्पा म्हणत तेव्हा मला वर्गात कधी न वाटलेले समाधान वाटे. मला गाडी चालवता येते का, असे कुणी विचारले नाही. जो माणूस क्लचच्या चकतीविषयी अर्धा तास बोलू शकतो त्याला हे विचारायचे तरी कसे?

पुढे तिघांनी मिळून लातूरहून एक जुनी मोटार आणली. गोल दिव्यांची, स्टिअरिंगखालीच गिअरचा दांडा असलेली, फिकट पिस्ता रंगाची. वापरायला कमी आणि खेळायला जास्त. किलोमीटरचा काटा आणि पेट्रोलचा काटा, दोन्ही बंद. दर रविवारी ती धुवायची, पुसायची, मागच्या चाकांचे टायर पुढे आणि पुढचे मागे करायचे, मग माजलगावच्या धरणापर्यंत एक फेरी. चालवायला बापू नाहीतर आप्पा. मी मागे, डाव्या खिडकीशी.

“सर, आज तुमी घ्या की,” बापू कधीमधी म्हणत.

“नको, तुम्हीच चालवा. मला टायरचा आवाज ऐकू द्या.”

याचा अर्थ त्यांनी दर्दीपणा असा घेतला. त्यात मला वावगे काही वाटले नाही, कारण टायरचा आवाज मी खरोखरच ऐकत होतो.

मोटार ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. बापूंच्या वाड्यावर ट्रॅक्टर आणि अवजारांची दाटी, आप्पांच्या दुकानात टायरांची. माझ्या भाड्याच्या घराला लागून घरमालकाचे पत्र्याचे शेड होते. तिथे ती उभी राहू लागली. मोटारीची एक किल्ली माझ्याकडे, एक आप्पांकडे. हँडब्रेक नावालाच, आणि गिअरमध्ये ठेवली की दांडा अडके, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे, अशी आप्पांची शिस्त. आणि तिघांखेरीज कुणी गाडीला हात लावायचा नाही, ही माझी. घरी मी ती आवाज न चढवता, पण दोनदा सांगितली होती.

उन्हाळा लागला आणि ग्रामपंचायतीची निवडणूक आली. बापूंचे एक पॅनल उभे होते. समोरच्या पॅनलचा पुढारी डोंगराच्या बाजूला खडी फोडण्याचा क्रशर चालवणारा होता. निवडणुकीत आमच्या खेळाचे रूप पालटले. बापू आता बाकड्यावर पाठ करून बसत नसत. रस्त्याच्या कडेला फिरत, खाली वाकून पाहत, आणि आप्पांना हाक मारीत, “ही जीप रात्री कुठं गेलती, सांग बे.” आप्पा सांगत. त्यांचे बरोबर निघत होते की चूक, हे तपासायला कुणाला सवड नव्हती.

अशाच एका रविवारी आम्ही मोटार बाहेर काढण्यासाठी शेडमध्ये गेलो. बापू पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

“सर,” ते म्हणाले, “मागच्या रईवारी फेरीवरनं आल्यावर हितंच पंपानं हवा भरली तवा नोझल खाली व्हतं. मला वाकून भरावी लागली. आज वर हाय.”

मी पाहिले. ट्यूबची नळी खरोखरच वरच्या बाजूला होती. उभ्या गाडीचे चाक आपोआप फिरत नाही, हे आमच्यापैकी कुणालाही सांगायची गरज नव्हती.

बापूंनी किल्लीचे टोक टायरच्या खाचेत घातले आणि आतले काहीतरी खरवडून तळहातावर घेतले. पांढरे, कोरडे, पिठासारखे बारीक. त्यांनी ते आप्पांपुढे धरले. आप्पांनी चिमटीत चोळले, उजेडात धरले, हुंगूनही पाहिले. रबराचा वास सोडून दुसरा वास त्यांच्या नाकाला फारसा येत नसे.

“क्रशरची भुकटी,” आप्पा म्हणाले.

“बघ नीट.”

“नीटच बघितली. आपल्या काळ्या रानात असली पांढरी माती कुठं हाय? डोंगराच्या वाटंवर क्रशरपशी घोट्याइतकी साचलीय.”

बापू माझ्याकडे वळले. आवाजात आदर तेवढाच होता, म्हणूनच मी घाबरलो.

“सर, क्रशरकडं गेलता काय?”

“नाही.”

“गाडी गेलती?”

“मी नाही गेलो तर गाडी कशी जाईल?”

“त्येच तर इचारतोय.”

त्या दिवशी धरणाची फेरी झाली नाही. बापू आणि आप्पा पायीच परत गेले. जाताना आप्पा एवढेच म्हणाले, “सर, तुमाला कुनी मागितली असंल अन् न्हाई म्हनता आलं नसंल, तर तसं सांगा. तुमचा सोभाव आमाला ठावं हाय.” हे त्यांनी चांगुलपणाने म्हटले असेल. मला मात्र त्यातला ‘सोभाव’ रात्रभर टोचत राहिला. माझ्या भिडस्तपणाचा पुरावा करून त्यांनी माझ्याविरुद्ध ठेवला होता.

मग माझे डोके दुसऱ्या दिशेने चालू लागले. मी गाडी हलवली नाही, हे मला माहीत होते. मग हलवली कुणी? दुसरी किल्ली आप्पांकडे होती. मी शाळेत असताना ते येऊ शकत होते. पण ते आले असते तर भुकटी ओळखायला एवढे पुढे का सरसावले? की म्हणूनच सरसावले? आणि बापू? त्यांना निवडणुकीसाठी आणखी एक मोटार हवी होती, हे गावाला ठाऊक होते. माझ्यावर ठपका ठेवून गाडी शेडमधून काढायची, असा बेत असेल तर नोझल फिरवून ठेवणे काय अवघड होते? दोन वर्षे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो त्यांच्याविषयी मी असे विचार करीत होतो, आणि ते विचार मला तर्काला धरून वाटत होते.

शाळेला जाताना आणि आल्यावर मी नोझल पाहू लागलो. एके दिवशी ते पुन्हा सरकलेले आढळले. शिवाय उजव्या चाकाचा चपटा दगड डाव्या चाकाला लागलेला. मी घरात आलो. पत्नी सुपात गहू पाखडत होती.

“शेडमध्ये कुणी आले होते का?”

“कोन येनार?” तिने मान वर केली नाही.

“आप्पा आले होते?”

“आप्पा कावून येतील?”

उत्तर सरळ होते. पण ती दोन्ही वेळा प्रश्नानेच बोलली, हे माझ्या ध्यानात राहिले. आता माझ्या संशयितांच्या यादीत माझे घरही आले.

सकाळच्या शाळेचे दिवस होते. त्या आठवड्यात शाळेची पाण्याची टाकी कोरडी पडली आणि मुलांना लवकर सोडावे लागले. मी घराच्या गल्लीत वळलो आणि जागीच थांबलो. आमची मोटार शेडच्या बाहेर, भर उन्हात, गल्लीच्या मधोमध, शेडकडे तोंड करून उभी होती. चालकाच्या जागेवर कुणी नव्हते. मागे गल्लीतल्या सगळ्या बायका पदर खोचून वाकलेल्या होत्या आणि माझी पत्नी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत होती.

“ढकला गं, सर यायच्या आत!”

“हळू! मागल्या येळेस भितीला घासली असती.”

“आगं बया, सर आलेच की!”

सगळ्या एकदम सरळ झाल्या. मोटार उताराने जराशी मागे आली, तशा पुन्हा वाकल्या. शेजारच्या काकू, गल्लीत वयाने सर्वांत मोठ्या, मला म्हणाल्या, “आलाच हाईत तर हात लावा, सर. हुबे काय ऱ्हायलाव? पातेल्यातला उरलेला चीक आळतोय तिकडं.”

मी पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि हात लावला.

आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया एकट्या बाईने होत नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशी सावड असते. भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर पाडायचा. एवढ्या बायका, चुली, पातेली सावलीत मावतील अशी गल्लीत एकच जागा होती, आमचे शेड. ती मोटारीने अडवली होती. म्हणून दगड काढायचे, न्यूट्रलमधली गाडी ढकलून बाहेर न्यायची, काम उरकले की शेड धुवायचे आणि माझ्या येण्याआधी गाडी परत ढकलायची. धुताना चिकाचे पाणी जमिनीवर सांडे. त्यातून चाके जात. शेडच्या जमिनीवर त्या दिवशीही पांढरे ओघळ होते आणि कडेला ते वाळून त्यांची भुकटी झाली होती.

“मला सांगायचे तरी,” मी पत्नीला म्हणालो.

“सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. मग ढकलली असती तर तुमचा शब्द मोडल्यावानी झालं असतं. न इचारता ढकलली, त्यात काय मोडलं? अन् कुरडया काय तुमच्या मोटारीच्या टपावर घालाव्या?”

मला राग आला नाही. खरे सांगायचे तर मला इतके हलके वाटले की मी एक गरम कुरडई तिथेच उभ्याने खाल्ली आणि तडक दुकानाकडे निघालो.

आप्पा ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे पाहत होते. बापू बाकड्यावर होते. मी सगळे सांगितले. इतके सलग मी आयुष्यात कुणापुढे बोललो नव्हतो.

“म्हंजी बायकांनी मोटार ढकलली,” बापू म्हणाले.

“हो.”

“अन् कुरडया केल्या.”

“हो.”

“आन् ती भुकटी म्हंजी गव्हाचा चीक.”

“हो.”

बापू आप्पांकडे बघून हसले. “सर, लई वाचता बगा तुमी.”

मी आप्पांकडे आशेने पाहिले. एक चिमूट पुन्हा पाण्यात भिजवून पाहिली असती तर चिकटपणा कळला असता. पण आप्पांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि म्हटले, “मी क्रशरची भुकटी वळखत न्हाई का, सर?” त्या वाक्यात मला ऐकू आले की हा प्रश्न आता माझ्यापुरता उरलेला नाही. चीक मान्य करायचा तर आप्पांचे वाचन चुकले, हे भर निवडणुकीत, बापूंसमोर, मान्य करावे लागणार होते. ज्या वाचनावर बापूंनी त्या आठवड्यात कितीतरी घरांचे माप काढले होते, ते सारे त्याबरोबर चुकले असते.

दुसऱ्या दिवशी पत्नी स्वतः दुकानात गेली. मी नको नको म्हणत तिच्यामागे गेलो. बापू उठून उभे राहिले, बाकडे पुसले.

“बसा, वहिनी. तुमचा शब्द आमी खाली पडू देनार न्हाई. पन तुमी सरांच्याच बाजूनं बोलनार.”

“मी कुनाच्याच बाजूनं न्हाई, भाऊ. मी कुरडयांच्या बाजूनं हाय.”

“बरं, ढकलली आसंल. पन ती काल. ज्या रईवारी आमी बघितली त्याच्या आदी बी ढकललीच, कशावरनं?”

“मग या उद्या. डोळ्यादेखत ढकलून दावतो आमी समद्या.”

“उद्याची ढकललेली मागल्या हप्त्याला कशी लागू व्हईल, वहिनी?”

बापू फार हुशार माणूस होते. ती उठून गेली आणि जाताना आप्पांना म्हणाली, “आप्पा, तुमच्या मालकिनीला इचारा चीक कसा वाळतो ते.” आप्पांनी विचारले की नाही, मला कधी कळले नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. ती सांगताना माझी मान खाली होती.

“बापू, मला गाडी चालवता येत नाही.”

मग आप्पा, ज्यांच्याकडून मला थोडी तरी दया अपेक्षित होती, हळूच म्हणाले, “येत न्हाई? मग दोन वर्सं आमाला क्लच कसा सोडायचा ते कोन सांगत व्हतं, सर?”

“ते मासिकात होते.”

“मासिकात!” बापू म्हणाले. “आप्पा, बायका मोटार ढकलत्यात, अन् सर मासिकातनं मोटार चालवत्यात. आपुनच अडानी ऱ्हायलो बे.”

त्याच संध्याकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानात बापूंनी मला चालकाच्या जागेवर बसवले. बघायला चारपाच माणसे जमली, मग जास्त जमली. किल्ली फिरवली. क्लच दाबला. दांडा कुठे ढकलायचा हे मला तोंडपाठ होते. माझ्या हाताला माहीत नव्हते. गाडीने एक धक्का दिला आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी ती बेडकासारखी दोन उड्या मारून थांबली आणि मैदानात हशा उसळला. मला लाज वाटली, पण आत कुठेतरी बरेही वाटले की आता तरी हे लोक मानतील.

बापू खिडकीशी आले. “सर, इतकी चांगली बंद पाडायला चालवता लई चांगली यावी लागती,” असे म्हणून त्यांनी दार उघडले.

मी उतरलो. त्यांच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिले, आजही तो आठवतो. त्यांना मनातून माझा संशय होता, की मोटार हवी होती म्हणून संशय हवा होता, हे त्या चेहऱ्यावरून मला सांगता येत नव्हते. टायरवरून गाडी ओळखणे आम्ही शिकलो होतो. माणसाविषयीचे असे काही आमच्या खेळात नव्हते.

मी किल्ली आप्पांच्या हातात दिली. मोटार बापूंकडे गेली. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत ती झेंडा लावून शाळेच्या फाटकावरून जाताना मी वर्गाच्या खिडकीतून पाहिली. रस्त्यात भेटले की दोघेही पूर्वीसारखेच “राम राम, सर” म्हणत. मी दुकानाशी थांबलो तर बाकड्यावर जागाही करून देत. फक्त मी बसलो की रस्त्याकडे पाठ करायला कुणी तयार होत नसे. गाड्या जात, माती उडे, आणि आम्ही निवडणुकीखेरीज दुसऱ्याच कशावर तरी बोलत असू. हळूहळू मी जाणे थांबवले.

पुढे माझी बदली झाली, परिस्थिती सुधारली, मुलांनी घरात एक छोटी गाडी आणली. “बाबा, शिकून घ्या, महिनाभराचे काम आहे,” असे ती म्हणतात. मी शिकलो नाही. गावाकडचा कुणी ना कुणी कुठेतरी भेटतोच, आणि त्याने मला स्टिअरिंगमागे पाहिले तर तो दिंद्रुडला जाऊन काय सांगेल, हे मला बसल्या जागी ऐकू येते. गेल्याच वर्षी एका लग्नात तिकडचे एक गृहस्थ भेटले. ओळख पटल्यावर ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, “मैदानात गाडी बंद पाडून दाखविलेले सर तुमीच न्हवं? काय नाटक केलतं, आजून आठवन काढत्यात लोकं!” मी हसलो आणि ताट घेऊन पुढे सरकलो.

कुरडयांचे साक्षीदार गल्लीभर होते, ते चालले नाहीत. डोळ्यांदेखत गाडी तीनदा बंद पडली, तेही चालले नाही. मग एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, हे तुम्ही माझ्या जागी असता तर कसे सिद्ध केले असते?